यजमान देशांचा बदलता क्रम आणि मावळ : परदेशी शिक्षणाच्या इतिहासातील काही नोंदी

विषयाची मांडणी

कोणत्या देशाचे किती विद्यार्थी कोणत्या देशात शिकतात, याचे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध होत असतात. १९७० च्या दशकाच्या मध्यास जगभरात सुमारे ८ लाख विद्यार्थी स्वदेशाबाहेर उच्च शिक्षण घेत होते. विसावे शतक संपताना ही संख्या २० लाखांच्या घरात गेली आणि युनेस्कोच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये ती सुमारे ६९ लाखांवर पोहोचली. या तक्त्यांत यजमान देशांना क्रमांक दिलेले असतात. क्रमांक वर चढला की त्या देशातील विद्यापीठांचा लौकिक वाढला आणि खाली उतरला की तो घटला, असा अर्थ सहजपणे लावला जातो. महाराष्ट्राचा गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव या अर्थाशी जुळत नाही. विद्यार्थी कोठे गेले हे पुष्कळदा विद्यापीठाच्या गुणवत्तेपेक्षा परीक्षा कोठे होते, पैसा कोण देतो, दार कोण उघडे ठेवतो आणि शिकून झाल्यावर काय करू देतो, यांवरून ठरले. शिवाय ‘विद्यार्थी’ म्हणून कोणाला मोजायचे, हा प्रश्न तर तक्त्याच्या आधीचाच आहे.

या दोन्ही गोष्टी पडताळून पाहण्यासाठी मावळ तालुका हे एक सोयीचे क्षेत्र आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यानंतर पुण्याहून मुंबईच्या बंदराकडे, आणि तेथून विलायतेकडे वा अमेरिकेकडे, जाणारा विद्यार्थी याच तालुक्यातून गेला. मात्र मावळ हा केवळ वाटेवरचा मुलूख राहिला नाही. तळेगाव दाभाडे येथे परदेशात शिकून आलेली विद्या कामाला लावण्याचा एक प्रयोग १९०८ मध्ये झाला. तेथून रेल्वेने सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या लोणावळ्यात १९२४ नंतर उलट दिशेची ये-जा सुरू झाली, म्हणजे बाहेरचे लोक शिकण्यासाठी येऊ लागले. या दोन गावांच्या नोंदी समोर ठेवून पाहिले असता यजमान देशांच्या क्रमवारीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

विलायतेची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी शिक्षण म्हणजे इंग्लंड, हे समीकरण रूढ झाले. त्याचे कारण ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्वत्तेइतकेच प्रशासकीय होते. भारतीय सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा १९२२ पर्यंत फक्त लंडनमध्ये होत असे. बॅरिस्टरची सनद तेथील इन्सखेरीज अन्यत्र मिळत नसे. नोकरी आणि वकिली या सुशिक्षित वर्गाच्या दोन मोठ्या आकांक्षा होत्या आणि दोहोंची किल्ली एकाच शहरात ठेवलेली होती. अशा स्थितीत इंग्लंड हा पहिल्या क्रमांकाचा यजमान देश होता, असे म्हणण्यापेक्षा त्याला प्रतिस्पर्धी उभा राहू नये अशी व्यवस्था होती, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या व्यवस्थेत राहूनही वेगळा मार्ग काढणारे होते. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि सरकारी नोकरीचा मार्ग न धरता फर्ग्युसन महाविद्यालयात परतले. त्यांच्या यशाचा गाजावाजा पुष्कळ झाला, पण महाविद्यालयाच्या दृष्टीने त्यांचे परतणे अधिक मोलाचे होते.

या वाटेला आरंभापासून अपवादही होते आणि हे अपवादच बोलके आहेत. १८८२ मध्ये पुण्याचे केशव मल्हार भट बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या. त्या पदवीदान समारंभास इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. भटांना यंत्रविद्या हवी होती, तर आनंदीबाईंना स्त्रियांसाठी उघडे असलेले वैद्यकीय विद्यालय हवे होते. सनदी सेवा किंवा सनद यांच्याशी ज्यांचा संबंध नव्हता, त्यांना इंग्लंडची सक्ती नव्हती. दोघांनीही अमेरिकेची निवड केली ती तेथील शिक्षणाच्या प्रकारासाठी. संख्येच्या दृष्टीने हे दोन विद्यार्थी नगण्य होत. दिशेच्या दृष्टीने मात्र पुढच्या शंभर वर्षांचा नकाशा त्यांच्यात दिसतो.

इंग्लंडमधील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १९०७ च्या सुमारास ७०० च्या आसपास होती. त्याच वर्षी नेमलेल्या ली-वॉर्नर समितीने या विद्यार्थ्यांची चौकशी केली. तिच्यापुढे शिक्षणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, राजनिष्ठेचा प्रश्न होता. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये लंडनमध्ये इंडिया हाऊस उघडले होते. त्यांच्या शिष्यवृत्तीवर विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये तेथे गेले. परीक्षा उत्तीर्ण होऊनही ग्रेज इनने त्यांना सनद दिली नाही. जुलै १९०९ मध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांचा वध केल्यानंतर विद्यार्थ्यांवरील पाळत अधिकच कडक झाली. यजमान देश विद्यार्थ्याकडे संशयाने पाहू लागला की विद्यार्थीही अन्य देशांचा विचार करू लागतात. आजच्या काळातही या नियमाचा प्रत्यय आलेला आहे.

तळेगावची भट्टी

१९०५ मध्ये रशियाचा पराभव करणाऱ्या जपानविषयी हिंदुस्थानात मोठे कुतूहल निर्माण झाले. त्याच वर्षी स्वदेशीची चळवळ जोमात आली. स्वदेशी माल वापरा असे सांगणे सोपे होते, पण तो माल तयार करणारी माणसे कोठे होती? कलकत्त्यात १९०४ मध्ये योगेंद्रचंद्र घोष यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेने वर्गण्या गोळा करून तरुणांना जपान, अमेरिका व युरोपात औद्योगिक शिक्षणासाठी पाठविण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये पदवी मिळत होती, परंतु कारखान्यात हात घालू दिला जात नव्हता. सरकारने १९०४ मध्ये सुरू केलेल्या तांत्रिक शिष्यवृत्त्यांची तपासणी करणाऱ्या मॉरिसन समितीपुढे १९१३ मध्ये हीच तक्रार आली. ब्रिटिश कारखानदार भावी स्पर्धकाला शिकवण्यास नाखूष असत. हे त्यांच्या बाजूने स्वाभाविकच होते. मात्र त्यामुळे ‘उत्तम यजमान’ कोण, या प्रश्नाचे उत्तर बदलले. काच, साबण, काडेपेटी, चामडे यांची विद्या हवी असलेल्या तरुणाला टोकियो वा बोस्टन हे लंडनपेक्षा जवळचे वाटू लागले.

महाराष्ट्रात या विचाराला मूर्त रूप आले ते पैसा फंडाच्या योजनेतून. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभला. जमलेल्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या उभारणीचे काम जपान व अमेरिका येथे काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आले. वार्ष्णेय हे संयुक्त प्रांतातले, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातले. एका प्रांताचा विद्यार्थी, दोन परक्या देशांतील शिक्षण, दुसऱ्या प्रांतातील लोकांच्या पैशांतून उभी राहिलेली भट्टी, असा हा योग होता. त्याच काळात विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालयही तळेगावात राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग करीत होते. सरकारच्या रोषामुळे ते बंद पडले. काच कारखाना मात्र टिकला.

तळेगावच्या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य असे, की त्याने कारखान्यालाच शाळा मानले. काचविद्येचा काही भाग पुस्तकात मावतो. वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण लिहून घेता येते. परंतु १४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणारी भट्टी कशी राखावी, मूस केव्हा तडकेल हे रंगावरून कसे ओळखावे, फुंकनळीवर रस किती घ्यावा आणि ती किती वेगाने फिरवावी, हे शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. परदेशात गेलेल्या एका माणसाला ही विद्या मिळाली तरी ती त्याच्यापाशीच राहिली तर एका भट्टीपुरतीच उरणार. तळेगावात उमेदवारांना शिकवले गेले आणि तेथे तयार झालेले कारागीर देशातील अन्य काच कारखान्यांत गेले. वार्ष्णेय स्वतः पुढे संयुक्त प्रांतात परतले व बहजोई येथील काचउद्योगाशी त्यांचे नाव जोडले गेले.

यजमान देशांच्या तक्त्यात ही घटना कशी दिसेल? जपानच्या रकान्यात एक, अमेरिकेच्या रकान्यात एक, आणि तेही एकाच माणसाचे. तळेगावच्या भट्टीपाशी शिकलेल्यांसाठी त्यात रकानाच नाही. परदेशी शिक्षणाचा हिशेब जाणाऱ्यांच्या संख्येत मांडला की त्याचा सर्वांत फलदायी भाग बाहेर राहतो, असे या उदाहरणावरून म्हणावे लागते.

सगळेच परतले असे नव्हे. वर्ध्याकडील पांडुरंग सदाशिव खानखोजे जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत त्यांनी कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीत ते सामील झाले. परतीचा मार्ग बंद झाल्याने त्यांची विद्या अखेर मेक्सिकोच्या कामी आली. चापिंगो येथील कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले व मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. पाठवणारा देश परतंत्र असेल तर शिकलेला माणूस परत आणण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो.

संस्थानची शिष्यवृत्ती, बर्लिनची पदवी

पहिल्या महायुद्धापूर्वी समुद्र ओलांडण्यास मुख्यतः भाड्याचे पैसे लागत. जातीच्या बहिष्काराचे भय होते, पण पारपत्र हा सर्वसाधारण अडथळा नव्हता. १९२० च्या पारपत्र अधिनियमाने ती स्थिती संपली. अमेरिकेने १९१७ मध्ये आशियाई स्थलांतरितांना दार बंद केले, परंतु विद्यार्थ्यांना त्यातून वगळले. विद्यार्थी आणि स्थलांतरित हे दोन वेगळे वर्ग आहेत, ही कायद्यातली कल्पना या काळात पक्की झाली. पुढे सारा गोंधळ याच सीमारेषेवर झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे परदेशगमन या संक्रमणकाळातले आहे. बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार ४ जून १९१३ रोजी करून घेतला. ते कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१६ मध्ये लंडनला दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले, पण त्या शहरात कोलंबियाच्या या विद्वानाला राहायला घर मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात त्यांनी आश्रय घेतला होता तेथूनही त्यांना हाकलण्यात आले. स्वतः पैसे जमवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. परतण्याची सक्ती करणारा करार लिहिता येतो. परतलेल्याला सामावून घेणारा समाज मात्र कराराने निर्माण होत नाही. विद्यार्थी परत का येत नाहीत, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी बडोद्याची ही घटना विसरता कामा नये.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीकडे ओढा वाढला. रसायन, अभियांत्रिकी व मानवशास्त्र या विषयांतील कीर्ती, युद्धानंतर घसरलेले चलन आणि ब्रिटिश साम्राज्याबाहेरील देश असल्याचे आकर्षण अशी तिहेरी कारणे त्यामागे होती. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशभेदाच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या असमिततेवरील आपल्या प्रबंधात इरावतीबाईंनी गुरूच्या अपेक्षेला पुष्टी देणारा निष्कर्ष काढला नाही. यजमान देशाकडून पद्धती घ्यावी, त्याचे पूर्वग्रह घेऊ नयेत, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. १९३९ पासून डेक्कन महाविद्यालयात त्यांनी जे कार्य केले त्याची मुळे या प्रबंधात आहेत. नाझी राजवट व दुसरे महायुद्ध यांमुळे जर्मनीची वाट बंद झाली.

शुल्क, व्हिसा आणि क्रमांक

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे यजमान देशाची निवड आंतरराष्ट्रीय राजकारणाने केली. फुलब्राइट योजना १९५० मध्ये भारतात आली. कोलंबो योजनेतून विद्यार्थी ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियात गेले. १९६० मध्ये मॉस्कोत लुमुंबा विद्यापीठ उघडले. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ मध्ये सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली, पण तिच्या पदवीधरांनी मॉस्कोची वाट न धरता अमेरिकेची धरली. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा रद्द केला होता आणि विद्यार्थ्याला पुढे रहिवासी होण्याची शक्यता दिसू लागली होती. ज्याने संस्था बांधून दिली तो यजमान ठरला नाही, ज्याने राहू दिले तो ठरला.

ब्रिटनने १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण शुल्क आकारण्यास प्रारंभ केला. ऑस्ट्रेलियाने त्याच दशकात तोच मार्ग धरला. येथे एक मूलभूत बदल झाला. तोपर्यंत परदेशी विद्यार्थी हा साम्राज्याचा प्रजाजन, संस्थानचा आश्रित किंवा मैत्रीचे प्रतीक होता. आता तो विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातील जमेची बाजू झाला. जमेची बाजू झालेल्या माणसाला आमंत्रणही लवकर मिळते आणि नकारही लवकर मिळतो. २००९ मध्ये मेलबर्न येथे भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. त्याच सुमारास स्थलांतराचे नियमही बदलले आणि ऑस्ट्रेलियात जाणाऱ्या भारतीयांची संख्या वेगाने घसरली. ब्रिटनने २०१२ मध्ये शिक्षणोत्तर कामाचा व्हिसा बंद करताच दोन-तीन वर्षांत नव्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. २०२१ मध्ये पदवीधरांसाठी तशी सोय पुन्हा उघडली आणि संख्या पुन्हा वाढली. या काळात ब्रिटिश विद्यापीठांतील अध्यापन आधी बिघडले व मग सुधारले असे कोणी म्हणणार नाही. कॅनडाची गोष्ट याहून ठळक आहे. कामाची व पुढे वास्तव्याची शक्यता यांमुळे तो देश भारतीय विद्यार्थ्यांच्या यादीत अग्रभागी आला. २०२३ मधील राजनैतिक तणावानंतर, घरटंचाईचे कारण देऊन, त्याने जानेवारी २०२४ मध्ये नव्या परवान्यांवर सुमारे ३५ टक्के कपातीची मर्यादा घातली.

अमेरिकेत भारत हा सर्वाधिक विद्यार्थी पाठवणारा देश म्हणून २००१-०२ मध्ये प्रथम क्रमांकावर आला. २००९-१० मध्ये चीनने ते स्थान घेतले आणि २०२३-२४ मध्ये ते पुन्हा भारताकडे आले. त्या वर्षी भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती. २०२५ च्या शरदातील प्राथमिक पाहणीत अमेरिकेतील नव्या परदेशी प्रवेशांत १७ टक्के घट दिसून आली. दुसरीकडे, अल्प शुल्काची जर्मनी पुन्हा पुढे आली आहे. २०२२-२३ पासून तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. इरावतीबाईंच्या काळातील वाट सुमारे नव्वद वर्षांनी पुन्हा रुळली, असे पुण्यातील जर्मन भाषेच्या वर्गांकडे पाहून वाटावे.

आता ‘३,३१,६०२’ या आकड्याकडे पुन्हा पाहणे आवश्यक आहे. त्यांपैकी ९७,५५६ जण वर्गात बसलेले नव्हते. ते पदवी घेऊन व्यावहारिक प्रशिक्षणाच्या सवलतीखाली नोकरी करीत होते. अमेरिकन व्यवस्था त्यांना विद्यार्थी व्हिसावर ठेवते, म्हणून ते विद्यार्थी म्हणून मोजले जातात. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये परदेशी शिकणारे भारतीय सुमारे १३.३५ लाख होते व त्यांत कॅनडा पहिला होता. ही माहिती दूतावासांकडून संकलित झालेली, तर यजमान देशांचे आकडे प्रवेशनोंदींवरून वा व्हिसांवरून काढलेले. दोन तक्त्यांत पहिला क्रमांक दोन वेगळ्या देशांना मिळू शकतो, याचे कारण मोजणाऱ्याची व्याख्या होय.

लोणावळ्यातील न मोजलेले विद्यार्थी

याच्या नेमके उलट चित्र लोणावळ्यात दिसते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी ऑक्टोबर १९२४ मध्ये येथे कैवल्यधामची स्थापना केली. अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले होते आणि बडोद्याच्या प्रा. माणिकरावांकडे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांमध्ये शरीरात काय घडते ते क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्याचे वृत्तांत ‘योग मीमांसा’ या त्रैमासिकातून १९२४ पासूनच प्रसिद्ध होऊ लागले. त्रैमासिक इंग्रजीत होते आणि त्यात चित्रे व मोजमापे होती. एखाद्या डोंगरगावातील आश्रमाची वार्ता येल आणि कोलंबियापर्यंत पोहोचण्यास एवढे पुरेसे झाले. शिष्यवृत्ती नाही, जाहिरात नाही, वसतिगृह जेमतेम. तरीही लोणावळा हे शिकण्याचे ठिकाण झाले, कारण तेथे अन्यत्र न मिळणारी एक गोष्ट मिळत होती.

१९३० च्या दशकात कोवूर बेहानन हे लोणावळ्यास येऊन राहिले. ते जन्माने केरळचे, पण येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधक होते. कैवल्यधाममध्ये त्यांनी स्वतः प्राणायाम शिकून घेतला. पुढे येल येथे त्यांनी स्वतःवर मोजमापे केली व उज्जायीत ऑक्सिजनचा वापर कमी न होता वाढतो, असे नोंदवले. त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. बेहानन यांना कोणत्या रकान्यात घालावे? अमेरिकेत ते भारतीय विद्यार्थी होते आणि लोणावळ्यात अमेरिकन विद्यापीठाचे संशोधक. त्याच दशकाच्या उत्तरार्धात कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका जोसेफीन रॅथबोन कैवल्यधामात आल्या. १९५७ मध्ये वेंगर व बागची या शास्त्रज्ञांनी योगसाधकांवर केलेल्या शरीरक्रियाविषयक प्रयोगांतही लोणावळ्याचा समावेश होता. ज्यांच्याकडे शिकायला भारतीय जात होते, त्याच देशाचे अध्यापक येथे शिकायला व तपासायला येत होते. त्यांचे तपासणे नेहमी अनुकूल निष्कर्षाचे नव्हते, आणि कुवलयानंदांना तशी अपेक्षाही नसावी. मोजमापासाठी दार उघडे ठेवणे हीच त्यांची भूमिका होती.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी कैवल्यधामने गोरधनदास सेक्सारिया यांच्या नावाने योग व सांस्कृतिक समन्वयाचे महाविद्यालय सुरू केले. तेथे परदेशी विद्यार्थी येत राहिले. तथापि योगाच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तीला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. पर्यटनाच्या ई-व्हिसावरच अशा अभ्यासक्रमाला अनुमती आहे. म्हणजे पहाटे उठून आसने, दुपारी शरीरशास्त्र, सायंकाळी पातंजल योगसूत्रांचा पाठ, असा दिवस घालवणारी व्यक्ती सरकारदरबारी पर्यटक असते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ४६,८७८ नोंदली गेली. त्यांत नेपाळचा वाटा सुमारे २८ टक्के होता. लोणावळ्यात काही आठवडे शिकून जाणाऱ्याला त्या संख्येत जागा नाही. अमेरिकेत नोकरी करणारा विद्यार्थी म्हणून मोजला जातो आणि लोणावळ्यात अध्ययन करणारा पर्यटक म्हणून. दोन्ही देशांच्या ‘क्रमांकां’ची तुलना करताना ही विसंगती लक्षात घेतली जात नाही.

लोणावळ्यातच आणखी एक संस्था आहे. १९४५ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या ‘शिवाजी’ या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्रात मित्रराष्ट्रांच्या नौदलांतील अधिकारी व नाविक शिकण्यास येतात. स्वातंत्र्यापूर्वी भारतीय नौदल अभियंते प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जात. आज त्याच विषयाची विद्या देणारे गाव भांगरवाडीपासून काही मैलांवर आहे, पण संरक्षण प्रशिक्षणाचे हे परदेशी विद्यार्थी उच्च शिक्षणाच्या विद्यापीठीय तक्त्यात येत नाहीत. त्यांचा हिशेब स्वतंत्र, आणि स्वाभाविकपणे फारसा प्रसिद्ध न होणारा.

मोजले जाणारे परदेशी विद्यार्थी प्रामुख्याने पुण्यात आहेत. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आणि स्वखर्चाने आफ्रिका, पश्चिम आशिया, मॉरिशस, नेपाळ येथील विद्यार्थी पुणे विद्यापीठात अनेक दशके येत आहेत. या संदर्भात सिंबायोसिसचा उगम ध्यानात घेण्याजोगा आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांना वसतिगृहातील मॉरिशसच्या एका आजारी विद्यार्थ्याची एकाकी अवस्था दिसली. परदेशी विद्यार्थ्यांना घर, जेवण व आपुलकी मिळावी म्हणून १९७१ मध्ये त्यांनी सिंबायोसिसची स्थापना केली. अध्यापनाचे अभ्यासक्रम नंतर आले. यजमान या शब्दाचा मूळ अर्थ येथे आधी जपला गेला.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा केवळ व्याख्येचा वाद नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने आंतरराष्ट्रीयीकरणावर भर दिल्यापासून परदेशी विद्यार्थ्यांची संख्या हा संस्थेच्या गुणवत्तेचा निर्देशक मानला जाऊ लागला आहे. मूल्यांकनाच्या प्रपत्रात एक संख्या भरावी लागते. ती भरण्यासाठी प्रवेशवहीतील राष्ट्रीयत्वाचा रकाना पुरतो. कोण काय शिकून गेले, कोण परत येऊन कोणाला शिकवू लागले, याची नोंद कोणत्याही प्रपत्रात मागितली जात नाही. तळेगावचे उमेदवार व लोणावळ्याचे साधक यांविषयीची माहिती जुने अहवाल, त्रैमासिकांचे अंक, संस्थांच्या वह्या आणि त्यांच्या वंशजांच्या घरची कागदपत्रे यांत विखुरलेली असणार. ती एकत्र करणे हे मावळातील कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला एका-दोन वर्षांत, फारसा खर्च न करता, करता येण्यासारखे काम आहे. आरंभ तळेगावच्या काच कारखान्यात शिकलेल्या उमेदवारांच्या नावांच्या यादीपासून करता येईल.